विश्लेषण : हिटलरला ठोसा लगावणारा ‘कॅप्टन अमेरिका’ स्वत:च्याच सरकारविरोधात का उभा राहिला?

अंगावर राष्ट्रध्वजाचे रंग, हातात ताऱ्याची ढाल आणि नावातच देश. ‘कॅप्टन अमेरिका’ म्हणजे सरकारच्या हो ला हो मिळवणारा नायक, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात आठ दशकांहून अधिक काळात या नायकाने किमान दोनदा गणवेश उतरवून ठेवला आहे, सरकारी कायद्याविरोधात बंड केले आहे आणि न्यायालयाच्या पायऱ्यांवर गोळ्याही झेलल्या आहेत. देशभक्ती म्हणजे सरकारची आज्ञा पाळणे की देशाच्या मूल्यांशी इमान राखणे, या प्रश्नाचे अमेरिकेने वेळोवेळी दिलेले उत्तर या एका पात्राच्या प्रवासात दिसते. तो प्रवास कसा घडला आणि या ढालीवरून आजही वाद का होतात, ते समजून घेऊ या.

आधी ठोसा, नंतर युद्ध

‘कॅप्टन अमेरिका कॉमिक्स’चा पहिला अंक डिसेंबर १९४० मध्ये विक्रीला आला. त्यावर तारीख मात्र मार्च १९४१ अशी होती, कारण त्या काळी मासिकांवर पुढची तारीख छापण्याचा प्रघात होता. मुखपृष्ठावर कॅप्टन अमेरिका थेट अ‍ॅडॉल्फ हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारताना दाखवला होता. अंकाच्या जवळपास दहा लाख प्रती खपल्याचे सांगितले जाते.

यात महत्त्वाची आहे ती वेळ. अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती. पर्ल हार्बरवर हल्ला झाला तो ७ डिसेंबर १९४१ रोजी, म्हणजे अंक बाजारात आल्यानंतर जवळपास वर्षभराने. युरोपच्या भांडणात पडू नये, असे मानणारा मोठा वर्ग अमेरिकेत होता. ‘अमेरिका फर्स्ट कमिटी’ ही युद्धविरोधी संघटना सप्टेंबर १९४० मध्येच स्थापन झाली होती. हिटलरचे समर्थन करणाऱ्या ‘जर्मन-अमेरिकन बुंड’ या संघटनेने तर फेब्रुवारी १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सुमारे २० हजार लोकांची सभा भरवली होती. त्यामुळे हे मुखपृष्ठ सरकारी धोरणाचा प्रचार नव्हते. सरकार अजून जे उघडपणे करत नव्हते ते करण्याची ती मागणी होती.

ही मागणी करणारे कोण होते? जो सायमन आणि जॅक कर्बी हे दोघेही ज्यू स्थलांतरितांच्या घरात जन्मलेले तरुण. कर्बी यांचे मूळ नाव जेकब कर्ट्झबर्ग. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या गरीब वस्तीत ते वाढले. त्यांच्या नायकाचा, स्टीव्ह रॉजर्सचा, जन्मही पुढे याच वस्तीत दाखवला गेला. अंक आल्यानंतर कार्यालयात धमक्यांची पत्रे आणि फोन येऊ लागले. पोलीस बंदोबस्त द्यावा लागला आणि न्यूयॉर्कचे तत्कालीन महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी स्वत: फोन करून धीर दिला, असे सायमन यांनी नंतर लिहून ठेवले आहे. पुढे दोघेही वर्दीत गेले. कर्बी यांनी १९४४ मध्ये फ्रान्समध्ये प्रत्यक्ष लढाई पाहिली, तर सायमन तटरक्षक दलात होते.

पात्राची घडणही बोलकी आहे. स्टीव्ह रॉजर्स हा इतका किडकिडीत तरुण की सैन्यभरतीत तो नापास होतो. अमेरिकेने सप्टेंबर १९४० मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा केला होता, त्यामुळे भरती केंद्राचे दृश्य वाचकांच्या ओळखीचे होते. एका शास्त्रज्ञाच्या रसायनामुळे रॉजर्सला ताकद मिळते. थोडक्यात, देशासाठी उभे राहण्याची इच्छा आधी आणि ताकद नंतर, असा हा क्रम होता.

त्याची प्रसिद्ध गोल ढालही आधी गोल नव्हती. पहिल्या अंकात ती त्रिकोणी होती. ‘द शील्ड’ नावाचा ध्वजाच्या रंगातला दुसऱ्या प्रकाशकाचा नायक १९४० मध्येच आला होता. त्याच्या पोशाखाशी साम्य असल्याची तक्रार झाली आणि दुसऱ्या अंकापासून ढाल गोल झाली.

युद्ध संपताच नायक बेकार का झाला?

शत्रू ठळक असेल तोवर देशभक्तीची गोष्ट सोपी असते. १९४५ मध्ये युद्ध संपले आणि कॅप्टन अमेरिकाचा खप घसरू लागला. अखेरच्या काळात अंकाला भुताखेतांच्या कथांचे नाव देऊन पाहिले, पण १९५० मध्ये तो बंद पडला.

शीतयुद्धाच्या काळात १९५३-५४ मध्ये त्याला पुन्हा आणले गेले. या वेळी हिटलरच्या जागी कम्युनिस्ट होते आणि मुखपृष्ठावर त्याची ओळख ‘कम्युनिस्टांना चिरडणारा’ अशी करून दिली जात होती. सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या कम्युनिस्ट-शोधमोहिमेचा तो काळ. घराघरांत संशय होता, तरीही हा कॅप्टन वाचकांनी नाकारला. तीन अंकांतच मालिका गुंडाळावी लागली.

१९६४ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी त्याला ‘अ‍ॅव्हेंजर्स’च्या चौथ्या अंकात परत आणले. युद्धाच्या अखेरीस तो समुद्रात पडला आणि बर्फात गोठून राहिला, असे कथानक रचले गेले. १९४५ चा माणूस थेट साठच्या दशकात जागा होतो. नागरी हक्कांची चळवळ सुरू आहे, लवकरच व्हिएतनाम पेटणार आहे. आपण ज्या देशासाठी लढलो तो हाच का, हा प्रश्न या क्षणापासून त्याचा कायमचा सोबती झाला.

एकाच गणवेशातले दोन देशभक्त

पण यातून एक तांत्रिक अडचण निर्माण झाली. नायक १९४५ पासून बर्फात होता, तर १९५४ च्या अंकांत कम्युनिस्टांना मारणारा कोण होता? लेखक स्टीव्ह एंगलहार्ट यांनी १९७२ मध्ये याचे उत्तर दिले आणि ते अमेरिकी कॉमिक्समधील सर्वांत धारदार राजकीय कथांपैकी एक ठरले.

त्यांच्या कथेनुसार पन्नाशीच्या दशकातला कॅप्टन हा तोतया होता. मूळ नायकाचा निस्सीम चाहता असलेल्या एका माणसाने रसायनाचे सूत्र शोधले आणि शस्त्रक्रिया करून चेहराही बदलून घेतला. पण उपचार अर्धवट राहिल्याने त्याचे मन बिघडले. त्याला जिकडेतिकडे देशद्रोही दिसू लागले, कृष्णवर्णीय नागरिकही त्याच्या संशयातून सुटले नाहीत. शेवटी सरकारलाच त्याला दीर्घनिद्रेत ठेवावे लागले. तो जागा झाल्यावर खरा कॅप्टन आणि तोतया समोरासमोर येतात. पोशाख तोच, झेंडा तोच, देशावरचे प्रेमही तितकेच तीव्र. फरक एवढाच की, एकाचे प्रेम लोकांवर आहे आणि दुसऱ्याचे फक्त आपल्या मनातल्या देशाच्या चित्रावर.

या लढ्यात खऱ्या कॅप्टनच्या बाजूने उभा होता फाल्कन, म्हणजेच न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातला सॅम विल्सन. सप्टेंबर १९६९ च्या अंकात आलेला फाल्कन हा मुख्य प्रवाहातील कॉमिक्सचा पहिला आफ्रिकन-अमेरिकन सुपरहिरो मानला जातो. १९७१ पासून मुखपृष्ठावर कॅप्टनसोबत त्याचेही नाव छापले जाऊ लागले होते.

वॉटरगेट आले आणि ढाल खाली ठेवली

यानंतरचा धक्का थेट व्हाइट हाऊसमधून आला. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या काळातील वॉटरगेट प्रकरण गाजत असताना, १९७३-७४ मध्ये एंगलहार्ट यांनी ‘सिक्रेट एम्पायर’ ही कथामाला लिहिली. एक गुप्त संघटना जाहिरातबाजीच्या जोरावर कॅप्टनला बदनाम करते. तिच्या म्होरक्याचा पाठलाग करत कॅप्टन व्हाइट हाऊसमध्ये शिरतो. तिथे म्होरक्याचा मुखवटा उतरतो आणि तो स्वत:वर गोळी झाडून घेतो. वाचकाला चेहरा दाखवला जात नाही, पण तो अत्यंत वरच्या पदावरचा माणूस असल्याचे स्पष्ट होते. आपल्या डोळ्यांसमोर निक्सनच होते, असे एंगलहार्ट यांनी नंतर सांगितले.

हा अंक जुलै १९७४ च्या तारखेचा. निक्सन यांनी ९ ऑगस्ट १९७४ रोजी पद सोडले. कथेत कॅप्टनने आधीच ढाल खाली ठेवली होती. काही महिने तो ‘नोमॅड’, म्हणजे भटक्या, या नावाने वावरला. १९७५ च्या सुरुवातीला तो परतला, पण निष्ठेचा पत्ता बदलून. त्या वेळी जो कोणी सत्तेवर असेल त्याचा प्रतिनिधी आपण नाही, देशाने दिलेल्या वचनाचे आहोत, ही त्याची भूमिका तेव्हापासून पक्की झाली.

गणवेशाचा मालक कोण?

१९८७ मध्ये हाच प्रश्न कायद्याच्या भाषेत आला. लेखक मार्क ग्रुएनवाल्ड यांच्या कथेत एक सरकारी आयोग रॉजर्सला बोलावतो. तुला घडवणारा प्रकल्प सरकारचा, नाव, पोशाख आणि ढालही सरकारची, तेव्हा यापुढे आमच्या आदेशाने काम कर, असे त्याला बजावले जाते. रॉजर्स विचार करायला वेळ मागतो आणि अखेर ढाल व गणवेश परत करतो.

त्याच्या जागी सरकार जॉन वॉकर या माजी सैनिकाला नेमते. वॉकर आज्ञाधारक आहे, शूर आहे, पण संतापावर त्याचा ताबा नाही. आई-वडिलांची हत्या झाल्यावर तो सूडाने पेटतो. शेवटी १९८९ मध्ये ढाल पुन्हा रॉजर्सकडे येते. ही कथा सुरू झाली तेव्हा अमेरिकेत इराण-काँट्रा प्रकरणाची सुनावणी टीव्हीवर दाखवली जात होती. संसदेला अंधारात ठेवून परस्पर शस्त्रव्यवहार करणारे अधिकारी देशभक्त की गुन्हेगार, यावर देश दुभंगला होता.

९/११ नंतर काय बदलले?

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर कॅप्टन अमेरिकाकडून सरळ सूडकथेची अपेक्षा होती. २००२ मध्ये सुरू झालेल्या नव्या मालिकेत तो अतिरेक्यांशी लढलाही. मात्र लेखक जॉन नी रीबर यांनी शत्रूच्या तोंडून अमेरिकेच्या परदेशातील कारवायांबद्दल प्रश्न विचारले. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांनी बेचिराख केलेल्या ड्रेस्डेन शहराची आठवणही त्यात आली. यावर उजव्या विचारांच्या भाष्यकारांनी जोरदार टीका केली. कॅप्टन देशद्रोही झाला का, असा सवाल विचारला गेला.

२००६-०७ मधील ‘सिव्हिल वॉर’ ही कथा त्याही पुढे गेली. एका दुर्घटनेत शेकडो लोक मरतात आणि सरकार सर्व सुपरहिरोंना नोंदणी सक्तीची करते. आयर्न मॅन कायद्याच्या बाजूने जातो, तर कॅप्टन भूमिगत होतो. सुरक्षेच्या बदल्यात किती स्वातंत्र्य द्यायचे, हा त्या काळी ‘पॅट्रियट अ‍ॅक्ट’वरून अमेरिकेत सुरू असलेला वादच कथेत उतरला होता. शरणागती पत्करल्यानंतर न्यायालयाच्या पायऱ्यांवर कॅप्टनवर गोळ्या झाडल्या जातात. मार्च २००७ मधला हा काल्पनिक मृत्यू जगभरात बातमीचा विषय झाला. कॉमिक्सच्या रिवाजानुसार तो पुढे परतला.

चित्रपटांनीही हीच वाट धरली. ‘द विंटर सोल्जर’ (२०१४) मध्ये सरकारी यंत्रणाच नागरिकांवर पाळत ठेवते आणि संभाव्य गुन्हेगारांना आधीच संपवण्याची तयारी करते. चित्रीकरण सुरू झाले एप्रिल २०१३ मध्ये आणि एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकेच्या पाळतीची कागदपत्रे उघड केली जूनमध्ये. योगायोगाने पडद्यावरची गोष्ट प्रदर्शित होईपर्यंत बातमी बनली होती.

नावातला ‘अमेरिका’ परदेशात चालतो का, हाही प्रश्न निर्मात्यांना पडला होता. २०११ च्या पहिल्या चित्रपटातून रशिया, युक्रेन आणि दक्षिण कोरियात ‘कॅप्टन अमेरिका’ हे शब्द वगळून फक्त ‘द फर्स्ट अ‍ॅव्हेंजर’ एवढेच नाव ठेवण्यात आले.

ढाल कृष्णवर्णीय हातात आल्यावर…

राष्ट्राचा चेहरा कोणाचा, हा प्रश्न सर्वांत जास्त वाद निर्माण करणारा ठरला. २००३ मध्ये रॉबर्ट मोरालेस आणि काइल बेकर यांनी ‘ट्रूथ’ ही मालिका केली. रॉजर्सला ताकद देणाऱ्या रसायनाच्या चाचण्या कृष्णवर्णीय सैनिकांवर करण्यात आल्या, असे तिचे कथानक. वाचलेला एकमेव आयझाया ब्रॅडली कॅप्टनचा पोशाख घालून शत्रूच्या प्रदेशात लढतो आणि परतल्यावर त्याला पदक नव्हे तर तुरुंगवास मिळतो. याला खरा आधार होता तो टस्कीगी प्रकरणाचा. अलाबामा राज्यात १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षे सरकारी आरोग्य विभागाने शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचार न करता केवळ ‘अभ्यासला’ होता.

२०१४ मध्ये कॉमिक्समध्ये सॅम विल्सन स्वत: कॅप्टन अमेरिका झाला. पडद्यावर ‘द फाल्कन अँड द विंटर सोल्जर’ (२०२१) या मालिकेत त्याने ढाल स्वीकारली, तीही आयझाया ब्रॅडलीची कहाणी ऐकल्यानंतर. ज्या देशाने आपल्या लोकांना इतकी वर्षे नाकारले त्याचा झेंडा अंगावर का घ्यायचा, हा या मालिकेचा मुख्य प्रश्न होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ प्रदर्शित होण्याच्या तोंडावर अभिनेता अँथनी मॅकी यांनी, कॅप्टन अनेक गोष्टींचे प्रतीक आहे, पण त्यात ‘अमेरिका’ हा शब्द असावा असे वाटत नाही, अशा आशयाचे विधान केले. त्यावर संताप उसळला आणि आपल्याला अमेरिकी असल्याचा अभिमान आहे, असा खुलासा त्यांना करावा लागला.

सुपरमॅनने नागरिकत्व का सोडले होते?

हा वाद एकट्या कॅप्टनचा नाही. १९३८ मध्ये आलेला सुपरमॅनही ज्यू स्थलांतरितांच्या मुलांनी, जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी, निर्माण केला. दुसऱ्या ग्रहावरून आलेला आणि अमेरिकेतील शेतकरी कुटुंबाने वाढवलेला हा अक्षरश: परकाच. १९४२ मध्ये, युद्धाच्या काळात, रेडिओ मालिकेमुळे त्याच्या ब्रीदवाक्यात सत्य आणि न्यायासोबत ‘अमेरिकी जीवनपद्धती’ आली. शीतयुद्धाच्या काळात टीव्ही मालिकेने तिला आणखी घट्ट केले.

२०११ मध्ये ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या ९०० व्या अंकातील एका छोट्या कथेत सुपरमॅन तेहरानमधील आंदोलकांसोबत मूकपणे उभा राहतो. इराण त्याला अमेरिकी सरकारची कृती ठरवतो. आपल्या कृतीला कोणत्याही देशाच्या धोरणाचे लेबल लागू नये म्हणून तो अमेरिकी नागरिकत्व सोडण्याचे जाहीर करतो. २०२१ मध्ये डीसी कंपनीने ब्रीदवाक्यातील ‘अमेरिकी जीवनपद्धती’च्या जागी ‘अधिक चांगला उद्या’ अशा अर्थाचे शब्द आणले. तर २०२५ चा ‘सुपरमॅन’ ही एका स्थलांतरिताची गोष्ट असल्याचे दिग्दर्शक जेम्स गन यांनी म्हणताच पुन्हा वाद पेटला.

भारतात असा नायक का नाही?

भारतीय प्रेक्षकांचा सर्वांत लोकप्रिय सुपरहिरो म्हणजे ‘शक्तिमान’. सप्टेंबर १९९७ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या मुकेश खन्ना यांच्या या नायकाची ताकद योगसाधना आणि पंचमहाभूतांतून आली होती. पोशाखावर तिरंगा नव्हता आणि भागाच्या शेवटी तो मुलांना रोजच्या वागण्यातल्या चांगल्या सवयी सांगत असे. त्याची राष्ट्रीय ओळख ध्वजापेक्षा परंपरा आणि नीतिमत्तेतून घडत होती.

याला कायद्याचीही एक बाजू आहे. राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानास प्रतिबंध करणाऱ्या १९७१ च्या कायद्यानुसार, २००५ च्या दुरुस्तीनंतरही, कमरेखालील पोशाखात राष्ट्रध्वजाचा वापर करता येत नाही. अमेरिकेत ध्वजाच्या वापराबाबत संकेत आहेत, पण तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ध्वज जाळण्याची कृतीही अभिव्यक्ती स्वातंत्र्यात मोडते, असा निकाल दिला. त्यामुळे ध्वज अंगावर घेऊन त्याच्याच नावाने प्रश्न विचारणारा नायक तिथे सहज उभा राहू शकला.

मुंबईशी मात्र एका अमेरिकी नायकाचे नाते जुळले आहे. २००४ मध्ये ‘स्पायडर-मॅन’ची भारतीय आवृत्ती आली आणि त्यातला पवित्र प्रभाकर मुंबईत राहू लागला. २०२३ च्या ‘अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मध्ये मुंबई आणि मॅनहॅटन मिळून ‘मुंबॅटन’ झाले आणि हा चित्रपट मराठीतही डब करण्यात आला.

मग ढाल नेमकी कोणाची?

६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनमध्ये कॅपिटॉल इमारतीवर जमाव चालून गेला, तेव्हा कॅप्टन अमेरिकाच्या पोशाखात डोनाल्ड ट्रम्प यांचे चित्र असलेले शर्टही दिसल्याचे वृत्त होते. जॅक कर्बी यांचे पुत्र नील कर्बी यांनी त्यावर जाहीर निवेदन काढून संताप व्यक्त केला. आपल्या वडिलांनी निर्माण केलेला नायक लोकशाहीच्या बाजूने उभा राहणारा होता, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

याच ढालीचा दुसरा वापर न्यूयॉर्कमध्ये दिसला होता. ९/११ नंतर दाढी आणि पगडीमुळे अमेरिकेतील अनेक शिखांना परके ठरवून लक्ष्य केले गेले. ऑगस्ट २०१२ मध्ये विस्कॉन्सिनमधील ओक क्रीक येथील गुरुद्वारात गोळीबार झाला. व्यंगचित्रकार विश्वजीत सिंग यांनी पगडीधारी कॅप्टन अमेरिकाचे चित्र आधीच काढले होते. २०१३ मध्ये ते स्वत: तो पोशाख आणि निळी पगडी घालून सेंट्रल पार्कमध्ये फिरले. एरवी संशयाने पाहणारे लोक त्यांच्यासोबत छायाचित्र काढण्यासाठी थांबू लागले.

एकाच प्रतीकावर दोन्ही बाजूंनी दावा सांगता येतो, हेच या नायकाच्या टिकून राहण्याचे कारण आहे. १९५४ चा, शंका न विचारणारा कॅप्टन तीन अंकांत संपला. निक्सन यांच्या काळात ढाल खाली ठेवणारा, आयोगाला नकार देणारा आणि पगडीखालूनही ओळखू येणारा कॅप्टन मात्र वाचकांनी जपला. अमेरिकेत राष्ट्रवादावरचा वाद सध्या जितका तीव्र आहे तो पाहता, पुढच्या कथेत ही ढाल कोणाच्या हातात असेल, यावर पुन्हा भांडण होणार हे नक्की.